डुक्कर टर्निंग

सर, तुमच्या गाडीचं हँडल मी सरळ करून टाकलं. आधी हेच सांगतो, कारण तुम्हाला प्रस्तावना चालायची नाही. शाळेत कोणी उशिरा आला आणि "सर, ते काय झालं ना सकाळी" असं सुरू केलं की तुम्ही ओठातली शिट्टी जरा बाजूला सरकवून म्हणायचे, "राउंड मार आधी. कहाणी मंग सांग." तर राउंड मारून झाला, आता कहाणी. तुमच्याशी बोलताना मले-तुले आपोआप तोंडात यायचं, लिहिताना येत नाही. तेवढं शाळेनं आमचं बिघडवलं, आणि त्या शाळेत तुम्हीही होते, म्हणून चालवून घ्या. दुपार आहे, बाहेर कुत्रंही सावली सोडत नाही असं ऊन आहे, दुकानात गिऱ्हाईक नाही. टाइल्सच्या दुकानात दुपारी माणूस एक तर झोपतो नाही तर जुनं उकरत बसतो, आणि जानेवारीपासून मला दुपारची झोप लागत नाही.

आपल्या रविवारच्या रेसला आता पोरं विंटेज मोटोक्रॉस म्हणतात. टी-शर्टवर छापतात, पार हैदराबादहून लोक आपल्या जुन्या गाड्या टेम्पोत घालून आणतात. तुमच्या वेळी नागपुरात, अख्ख्या सक्करदऱ्यात त्याला 'सरची भंगार रेस' म्हणायचे आणि तुम्हाला त्यात काही वावगं वाटायचं नाही, कारण नियमच तसा होता. ज्या गाडीला घरच्यांनी भंगारात काढायचं ठरवलं, तिलाच प्रवेश. कोणी नवी गाडी घेऊन आला तर तुम्ही त्याला हात जोडायचे, "हिले घरी ने बाबू, ही अजून लाडाची आहे." रामटेक रोडवर तुमच्या शेतकरी मित्राचं धानाचं वावर होतं. धान कापून घरी गेलं की वावराच्या चौकोनी बांध्या रिकाम्या व्हायच्या, आणि दोन बांध्यांमधले मातीचे धुरे म्हणजे उड्या मारायला आयते उंचवटे. लोकांना त्या धुऱ्यावरची तूर दिसायची, तुम्हाला ट्रॅक दिसला. हेडलाइट काढायचा, मडगार्ड काढायचं, टायरला तापल्या सुरीनं खाचा पाडायच्या, आणि निळा धूर सोडत ती जुनी टू-स्ट्रोक खोडं धुऱ्यावरून उडवायची. शाळेत पोरांना सावधान-विश्राम शिकवणारा पीटीचा मास्तर रविवारी वेल्डरचा चष्मा लावून हवेत जायचा. आम्हाला तुम्ही देवासारखे वाटायचे, काय सांगू.

जिंकणाऱ्याला काय द्यायचं हे तुम्ही कधी ठरवलंच नाही. पण पडणाऱ्याचं ठरलेलं होतं. काकू पहाटेच तुमच्या मागे बसून यायच्या, वावराच्या कडेला विटांची चूल मांडायच्या, पोहे आणि वर चण्याची लालभडक तर्री. जो सगळ्यांत आधी पडला त्याला काकूंच्या हातची पहिली प्लेट. तो पहिला घास घेईपर्यंत बाकीच्यांनी प्लेटला हात लावायचा नाही. मी एकदा विचारलं, सर, जिंकणाऱ्याला काहून नाही? तुम्ही म्हणाले, "जिंकला तो हवेत आहे बे. त्याले भूक कुठं लागली? पडला त्याले पोटात काही जाऊ दे, नाही तं तो पुढच्या रविवारी येनारच नाही." ती रीत अजून आहे सर. बाकी पुष्कळ बदललं, पण ती आम्ही मोडू दिली नाही. 'आम्ही' म्हणायचा मला काय अधिकार, ते पुढे येईलच.

दुसरी तुमची रीत पोच्याची. तुमच्याकडे यायला लागलो त्या पहिल्याच आठवड्यात, वावराच्या वाटेवर पडून, बाबांच्या जुन्या गाडीची टाकी मी दगडावर आपटून घेतली होती आणि तुमच्या अंगणात बसून रबरी हातोड्यानं पोचा काढत होतो. तुम्ही आले, हातोडा काढून घेतला आणि खिडकीत ठेवून दिला. मग म्हणाले, "पोचा काढू नको. उद्या कुठं पडला होता ते तूच इसरून जाशील, अन् परत तिथंच पडशील." मी म्हटलं, सर, बाबा पाहतील ना! "तं पाहू दे. घाबरतो कायले, पडला म्हनून सांग. पडनं काही चोरी आहे काय?" तुमच्या रागाचा आवाज कधी मोठा नसायचा, त्यामुळे तो जास्त दिवस कानात राहायचा. आजही कोणाला गाडीचा पोचा काढताना पाहिलं की मला तो खिडकीतला हातोडा दिसतो. आणि तरी मी हँडल सरळ केलं.

तो रविवार तुम्ही कधी परत काढला नाही, म्हणून मीच काढतो. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, अंगात मस्ती अशी की चालताना जमीन पुरत नव्हती. तुम्ही सांगितलं होतं, पहिली थंडी फक्त झेंडा धरायचा. कोपऱ्यावरच्या बांधीच्या वळणावर उभं राहायचं, कोणी पडला तर लाल कपडा हलवायचा. मी उभा होतो. समोरून एकेक गाडी धुऱ्यावरून उडून जात होती आणि मला वाटत होतं, हे काय, हे तर मलाही जमतं. बाबांची गाडी तुरीच्या आडोशाला उभी केलेली होती. झेंडा खोचला मातीत आणि किक मारली. कोणाला विचारलं नाही, मागे पाहिलं नाही. वळणाच्या आतल्या बाजूनं ट्रॅकवर घुसलो, धसकटात पुढचं चाक गेलं आणि गाडीसकट आडवा झालो, बरोब्बर तिथेच, जिथे धुऱ्यावरून उडालेली गाडी खाली टेकते. झेंडा हलवणाराच पडला होता, मग झेंडा हलवणार कोण? तुम्ही हवेतूनच मला पाहिलं असणार. टेकता टेकता गाडी तुम्ही डावीकडे फेकली, आणि तुम्ही वावराच्या कडेच्या दगडी पाळीवर जाऊन आदळले. त्या आवाजाबद्दल मी लिहिणार नाही.

धूळ इतकी होती की कोणाला काही दिसलं नाही. मी उठलो, मला खरचटलंही नव्हतं. तुम्ही बसले होते, डावा हात कोपरापासून भलतीकडेच, चेहरा पांढराफटक, आणि मला पाहून पहिला शब्द काय, तर "लागलं काय बे?" मी मान हलवली. मागून येणाऱ्या गाड्यांचे आवाज जवळ येत होते. तुम्ही म्हणाले, "गाडी उचल. तुरीत घाल पयले. तुझ्या बापाले समजलं तं तुले परत येऊ नाही देनार. अन् हे पोट्टे तुले उभं नाही करनार उद्यापासून." मी गाडी तुरीत ढकलली. मागून तुमचा आवाज आला, दात आवळून, "इचारलं तं डुक्कर आडवं आलं म्हन." आणि सर, मी लगेच म्हटलं. तुम्ही उगाच सुचवून ठेवलं होतं, गरज पडली तर म्हणून. मी गरज पडायची वाटही पाहिली नाही. पहिला पोरगा धुऱ्यावर दिसताच मी दोन्ही हात वर करून ओरडलो, "डुक्कर! डुक्कर आडवं आलं!" इतक्या जोरात की रस्त्यावर ऐकू गेलं असेल.

पुढचं तर हसावं की रडावं असं. रामटेककडच्या धानाच्या वावरात रानडुक्कर येणं म्हणजे काही नवल नाही, त्यामुळे कोणालाही शंका आली नाही. दोघं जण काठ्या घेऊन डुकराच्या मागे धावले. एकानं येऊन सांगितलं की त्यानं त्याची पाठ पाहिली, काळीकुट्ट, केवढं मोठं जनावर बाप्पा! तुमचा हात एका टॉवेलमध्ये बांधून तुम्हाला जीपमध्ये घालेपर्यंत त्या डुकराला सुळेही फुटले होते. पुढच्या थंडीत त्या वळणाचं नाव पडलं, डुक्कर टर्निंग. आजही तेच नाव आहे. त्या वळणावर गाडी आली की कडेला उभी असलेली पोरं ओरडतात, "डुक्कर आलं, डुक्कर आलं!" आणि चालवणाराही हसतो. सगळ्यांना वाटतं, किती मजेशीर नाव आहे.

तुमचं प्लास्टर असताना मी तुमच्या घरी आलो होतो. यायचं नव्हतं, आईनं मेथीचे लाडू देऊन पाठवलं म्हणून आलो. स्वयंपाकघरात तुम्ही पाटावर बसून एका हातानं भाकरी मोडत होते, ती ताटातून निसटत होती, आणि काकू तव्यापाशी बसल्या होत्या. मला बसायला सांगितलं, मीही पाटावर बसलो. काकूंनी भाकरी उलटली आणि माझ्याकडे न पाहता विचारलं, "काय गा, तूच होता म्हने तिथं. केवढं होतं डुक्कर?" मी दोन्ही हात पसरले. "एवढं, काकू." काकूंनी मग वळून माझ्या हातांकडे पाहिलं. नीट पाहिलं, जसं कापड मोजताना पाहतात. मग म्हणाल्या, "एवढं? मंग नशीबच म्हना." आणि माझ्या ताटात भाकरी टाकली. तुम्ही खाली मान घालून वरणात काहीतरी शोधत होते. मी ती भाकरी कशी खाल्ली ते मलाच माहीत.

प्लास्टर निघालं पण कोपर सरळ झालं नाही. माणूस कारकून असता तर कोणाचं काय बिघडलं असतं? पण तुम्ही पीटीचे सर. तुमचं कामच मुळी पोरांना 'हात सरळ' म्हणायचं. तुम्ही सावधानमध्ये उभे राहिले की उजवा हात मांडीला चिकटलेला आणि डावा असा बाहेर लोंबकळलेला, घागर धरल्यासारखा. पोरं तुमच्यासारखाच हात वाकडा करून उभी राहू लागली. पंधरा ऑगस्टची परेड, जी तुम्ही वर्षानुवर्षं पुढे चालून न्यायचे, ती दुसऱ्या सरांकडे गेली आणि तुम्हाला पाहुण्यांच्या खुर्च्या मांडायचं काम मिळालं. हे मला कसं कळलं? माझा लहान भाऊ तेव्हा तुमच्या शाळेत होता. त्यानं रात्री जेवताना आम्हाला तुमची नक्कल करून दाखवली, 'वाकडे सर' म्हणून. आई म्हणाली, नालायका, गुरुजनांची नक्कल करतो! बाबा मिशीत हसले. आणि मीही हसलो सर. घरातल्या कोणी मला विचारलं नव्हतं, हसलो नसतो तरी चाललं असतं.

आणि तुम्ही काय केलं? हात सरळ होत नाही म्हणून गाडी सोडली असती तर मी एखादे वेळेस या सगळ्यातून सुटलोही असतो. पण तुम्ही मलाच हाक मारली, "चाल बे, वेल्डिंगवाल्याकडं जाऊ, गाडी धरायले कोनी पायजे." सक्करदऱ्याच्या चौकातलं ते काळं दुकान. मी गाडी उभी धरली, तुम्ही सीटवर बसले, उजव्या हातानं मूठ धरली, डावा हात जसा जातो तसा पुढे केला आणि डोळे मिटून म्हणाले, "इथं. मूठ इथं पायजे." शिंप्याकडे बाही मोजून घ्यावी तसं. वेल्डरनं हँडलची डावी बाजू लालभडक तापवली आणि खाली, आत वाकवली. पाणी टाकलं, वाफ झाली, तुम्ही मूठ धरून पाहिली आणि असे हसले, जशी नवी गाडीच घेतली. "पाय. हात सरळ नाही होत तं हँडल वाकडं करू. काय बिघडते?" आणि तिथेच, त्या काळ्या दुकानात, तुम्ही गळ्यातला तुमचा वेल्डिंगचा चष्मा काढून माझ्या गळ्यात घातला. "पुढच्या थंडीत झेंडा नाही. चालवशील." मला त्या वेळी तुमच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं होतं. मी म्हटलं, थँक्यू सर.

त्या वाकड्या हँडलवर तुम्ही किती थंड्या काढल्या. बाहेरून येणारे हसायचे, एकदा हवेत जाताना पाहिलं की हसणं बंद व्हायचं. कोणी विचारलं की तुम्ही म्हणायचे, "डुक्कर!" आणि माझ्याकडे बघायचेही नाही. तेवढी माया करायला नको होती सर. एकदा तरी रागानं बघायला पाहिजे होतं. मग एका मे महिन्यात, ज्या महिन्यात नागपुरात माणसंही पानांसारखी गळतात, तुम्ही गेले. मी खांदा दिला. तुमच्यामागे रेसचं मंडळ झालं, त्याचा अध्यक्ष कोण, तर मी, कारण तुमच्या जवळचा मीच होतो असं सगळ्यांना वाटायचं. आणि दर थंडीत माइक हातात घेऊन डुकराची गोष्ट सांगणाराही मीच. ती गोष्ट माझ्याएवढी रंगवून कोणी सांगत नाही, असं लोक म्हणतात. दरवर्षी ते डुक्कर मोठं होत गेलं. अलीकडे तर त्याला एक डोळाच नव्हता.

तुमची गाडी तशीच तुमच्या अंगणात ताडपत्रीखाली होती. मागच्या पावसाळ्यानंतर काकू म्हणाल्या, "घेऊन जा गा, तिकडं ठेवा सगळ्यांच्या डोयासमोर. इथं मांजर पिलं घालून राहिलं तिच्याखाली." आम्ही ठरवलं, जानेवारीत रेसच्या मेळ्यात तुमच्या आठवणीत मधोमध ठेवायची. मी ती एका पोराकडे दिली. जुन्या गाड्या नव्यासारख्या करून देण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. त्यानं टाकीचे पोचे काढले, क्रोम केलं, मूळ रंगाची छटा शोधून आणली. आणि हँडलचं फोनवर विचारलं, काका, डावीकडून वाकडं आहे, ओरिजिनल भेटते, टाकू काय सरळ? मी म्हटलं, टाक. त्या वेळी दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, फोन खांद्याला लावून मी बिल करत होतो, माझ्या ध्यानातच आलं नाही. असं मी आतापर्यंत स्वतःला सांगत आलो आहे.

मेळ्याच्या दिवशी गाडी अशी चमकत होती की पोरं तिच्यात पाहून केस नीट करत होती. बाहेरून आलेल्या लोकांनी तिला सर्वांत सुंदर गाडी म्हणून बक्षीस दिलं, ते घ्यायला मीच गेलो. मग माइक माझ्या हातात दिला, आणि सगळे ओरडले, "डुक्कर! डुक्कर!" मी सांगितली सर. तुमची उडी सांगितली, धूळ सांगितली, मध्येच थांबून विचारलं, "केवढं होतं?" आणि दोनशे-तीनशे माणसांनी हात पसरले, "एवढं!" हसून हसून लोक वाकले. काकू पहिल्या रांगेत, प्लास्टिकच्या खुर्चीवर, मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. त्यांनी हात पसरले नव्हते.

नंतर फोटोसाठी काकूंना गाडीपाशी आणलं. तुम्हाला आठवत असेल, दर रविवारी संध्याकाळी गाडी अंगणात घ्यायची तर उंबरठ्यावरून चढवायला तुम्हाला एका हाताचं बळ पुरायचं नाही. डावी मूठ काकू धरायच्या. तेवढी वर्षं धरली. आता फोटोवाला म्हणाला, मावशी, हँडलवर हात ठेवा. काकूंनी न पाहता डावा हात खाली नेला, आत, जिथे ती मूठ असायची. तिथे काही नव्हतं. हात तसाच हवेत राहिला, मग त्यांनी चाचपत वर नेला आणि सरळ मूठ सापडली. "सरळ केलं वाटते," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "हो काकू, ओरिजिनल आहे. कंपनीतून जसं यायचं तसं." हे शब्द माझ्या तोंडून निघाले, आणि ते आता या कागदावर लिहितानाही मला लाज वाटते. काकू त्या मुठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "बरं केलं गा. त्यायचा हात तं नाही झाला सरळ. गाडीचा तरी झाला." टोमणा असता तर बरं झालं असतं, मी उत्तर तरी दिलं असतं. पण त्या खरंच बरं केलं म्हणत होत्या की काय, ते मला अजून कळलं नाही.

पोह्यांची वेळ झाली. आता पोहे केटरिंगवाला करतो, पण पहिली प्लेट काकूंच्याच हातची, ते त्याला ठरवून दिलेलं आहे. सकाळी कोराडीचा एक पोरगा सगळ्यांत आधी पडला होता, कपाळाला पट्टी, हनुवटीला माती, ऐटीत पुढे येऊन उभा राहिला. काकूंनी प्लेट घेतली, तर्री स्वतःच्या हातानं घातली, वरून चिवडा टाकला, आणि त्या पोराच्या बाजूनं निघून माझ्यासमोर आल्या. "घे." पोरं हसायला लागली. एक जण ओरडला, "काकू, अध्यक्षायले काहून देऊन राहिल्या? ते तं आज गाडीवर बसले बी नाही!" काकू माझ्याकडेच पाहत म्हणाल्या, "त्या पोराले बी भेटन. ही याची कधीची राहून गेली होती."

म्हणजे त्यांना माहीत होतं. तुम्ही सांगितलं असेल, किंवा तुम्ही न सांगताच त्या स्वयंपाकघरात माझे पसरलेले हात पाहून त्यांना कळलं असेल. त्यानंतर दर थंडीत त्या पहिल्या रांगेत बसून माझं डुक्कर ऐकत आल्या. सगळे लोक चमचे धरून थांबले होते, रीतच आहे, पडला त्यानं पहिला घास घेतल्याशिवाय कोणी खायचं नाही. मी घेतला नसता तर ते सगळे तसेच उभे राहिले असते. घेतला. काकूंनी मान हलवली आणि वळून त्या पोराची प्लेट वाढायला गेल्या. माइक माझ्या हातापासून वीतभरावर होता सर. एक वाक्य म्हणायचं होतं. पोह्याचा घास तोंडात आहे, आता कसं बोलावं, असा विचार मी केला. खरंच, हाच विचार केला.

दुसऱ्या दिवशी मी तुमची गाडी चमकवणाऱ्या त्या पोराकडे गेलो, जुनं हँडल मागायला. "भंगारवाला घेऊन गेला काका, तुम्हीच तं म्हटलं होतं काही ठेवू नको." म्हटलं, नवं घेऊन तसंच वाकवू. त्यानं हँडल शिकंज्यात धरलं, गॅस पेटवला आणि विचारलं, किती वाकवू? मी डोळे मिटले, तुम्ही त्या दुकानात मिटले होते तसे. मला आठवलं नाही. किती खाली, किती आत, काही नाही. ते आता फक्त काकूंच्या हाताला माहीत आहे. त्यांना गाडीपाशी आणून विचारायला पाहिजे, काकू, मूठ कुठे होती, दाखवा. सक्करदरा माझ्या दुकानापासून काही दूर नाही. जानेवारी गेला, होळी झाली, आता आंबे आले. गेलो नाही.

हे तुम्हाला पाठवायचं कुठे, आणि काकूंना वाचून दाखवायची माझी छाती नाही, म्हणून गिऱ्हाईक आलं की हे गल्ल्याखाली जाईल आणि तिथेच राहील. पण वर एक गोष्ट मी तुम्हाला खोटी लिहिली, ती दुरुस्त करतो, नाही तर परत राउंड मारायला लावाल. हँडलचं त्या पोरानं एकदा नाही, दोनदा विचारलं होतं. दुसऱ्यांदा फोनवर नाही. मी त्याच्या दुकानात, तुमच्या गाडीसमोर उभा होतो, हात माझा त्या वाकड्या मुठीवर होता. तो म्हणाला, "काका, हे पडून नाही वाकलं. कोनं तरी तापवून, बसवून वाकवलं दिसते. काही कारन असन, राहू द्यायचं काय?" मला सगळं आठवत होतं, वाफ, चष्मा, तुमचं हसणं. मी हात काढून घेतला आणि त्याला म्हटलं, "कारन कायचं बे. डुक्कर आडवं आलं होतं. टाक सरळ करून."